करार सातासमुद्रापार, नोंदवही आपल्या ओसरीवर



वर्तमानपत्रात अधूनमधून एक छायाचित्र येते. दोन देशांचे मंत्री लांबलचक टेबलाशी बसलेले असतात, पाठीमागे दोन झेंडे असतात, आणि खाली ओळ असते : ‘भागीदारी करारावर सह्या झाल्या.’ आपण ते पान उलटतो आणि कांद्याच्या भावाकडे वळतो. त्या सहीचा आणि आपल्या बांधाचा काय संबंध, असे आपल्याला वाटते. खोटे कशाला सांगू, मलाही तसेच वाटत असे. बी.एस्सी. ॲग्री. होऊन मी कृषी खात्यात लागलो, तेव्हा जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी नुकतीच स्थापन झाली होती. कचेरीत त्यावर वाद होत, चहा होई, आणि विषय संपे. त्या कराराचे एक पान पुढे माझ्याच टेबलावर येऊन पडणार आहे, हे तेव्हा कोणी सांगितले असते तरी मी हसलो असतो.

आज मला तुमच्याशी भावाबद्दल बोलायचे नाही. करार झाला की भाव वाढतो की पडतो, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते दुसऱ्याच एका परिणामाबद्दल. परदेशाशी करार झाला म्हणजे आपल्या इथल्या कचेऱ्या, प्रयोगशाळा, कायदे आणि दफ्तरे यांचे काय होते? ती सुधारतात, बिघडतात, की नुसतीच रंगरंगोटी होते?

तुम्ही म्हणाल, कचेरी सुधारली काय नि बिघडली काय, आम्हाला काय त्याचे! तसे नाही. तलाठ्याचा उतारा खरा असणे, बाजार समितीतला काटा खरा असणे, बियाण्याच्या पिशवीवरची उगवणशक्ती खरी असणे आणि तपासनिसाची सही खरी असणे, यालाच शहाणी माणसे ‘संस्थांची गुणवत्ता’ म्हणतात. आपण साध्या भाषेत म्हणतो, ‘त्या ठिकाणी कामाला भरवसा आहे.’ हा भरवसा नसला की पहिला फटका कुणाला बसतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

द्राक्षाची गोष्ट

हे सारे मला द्राक्षाने शिकवले, म्हणून द्राक्षापासूनच सुरुवात करतो.

आपल्या नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे भागांतील बागाईतदार इंग्लंड-हॉलंडकडे द्राक्षे पाठवू लागले, त्याला आता बरीच वर्षे लोटली. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली. सुरुवातीच्या वर्षांत मालाची प्रत, शीतकरण, खोक्यांची बांधणी यांवरून पुष्कळ माल नापसंत झाला. लोकांनी ठेचा खाल्ल्या आणि शिकले. मणी किती मिलिमीटरचा हवा, देठ हिरवा कसा राहावा, तोडणीनंतर किती तासांत माल थंड करावा, हे आपला माणूस पटकन शिकतो. ते डोळ्यांना दिसते, हाताला कळते.

जे डोळ्यांना दिसत नाही ते मात्र अवघड. २००३ साली हॉलंडमध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले, त्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त. मेथोमिल आणि ॲसिफेट ही नावे तेव्हा बागाईतदारांच्या तोंडी झाली. ही औषधे आपल्या दुकानांत सर्रास मिळत होती. वापरणाऱ्याने कुठलाही गुन्हा केला नव्हता. पण माल तिकडच्या बंदरात गेल्यावर तिकडचा कायदा लागू होतो.

इथे त्या कराराचे पान कामाला येते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारांत एक करार माणूस, जनावर आणि वनस्पती यांच्या आरोग्यरक्षणाचा आहे. त्यात ढोबळमानाने असे म्हटले आहे की, आपल्या लोकांच्या आरोग्यासाठी कोणताही देश नियम घालू शकतो, पण त्या नियमाला शास्त्राचा आधार हवा, नियम बदलायचा तर इतर देशांना आगाऊ कळवले पाहिजे, आणि शंका विचारायला प्रत्येक देशाने एक चौकशी केंद्र ठेवले पाहिजे. म्हणजे हॉलंडने ‘तुमची द्राक्षे नकोत’ असे मनाला येईल तेव्हा म्हणायचे नाही, आणि आपणही ‘आमच्याकडे असेच चालते’ असे म्हणून सुटायचे नाही. दोन्ही बाजूंना दावे बांधलेले आहेत.

२००३ च्या त्या दणक्यानंतर हालचाल सुरू झाली. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र होतेच. त्याच्याकडे सर्व प्रयोगशाळांवर देखरेख करणाऱ्या मुख्य प्रयोगशाळेचे काम आले. औषधांच्या अंशांवर लक्ष ठेवण्याची योजना आखली गेली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी आमच्या खात्याकडे करायची, बागेला क्रमांक द्यायचा, फवारणीची वही ठेवायची, आमच्या अधिकाऱ्याने प्रत्यक्ष बाग पाहून दाखला द्यायचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः बागेत येऊन नमुना घ्यायचा, अशी ती साखळी. २००६ साली ‘अपेडा’ने हे सारे संगणकावर आणले आणि त्याला ‘ग्रेपनेट’ नाव दिले. तेव्हापासून खोक्यावरच्या क्रमांकावरून माल कुठल्या गावच्या कुठल्या बागेतला, तो कधी तपासला आणि कुणी दाखला दिला, हे शोधून काढता येते.

आता मी माझी एक चूक कबूल करतो. नोंदणीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे द्राक्षाच्या तालुक्यातली बरीच गावे होती. ओसरीवर बसायचे, चहा यायचा, बागाईतदार वही पुढे करायचा, मी सही करायचो. सगळ्याच बागा पायाखाली घातल्या असे नव्हे. माझे त्या वेळचे वरिष्ठही तसेच करत आले होते, म्हणून मला त्यात वावगे वाटले नाही. ‘पाहणी केली’ हे शब्द आमच्या दफ्तरात इतकी वर्षे लिहिले गेले होते की, त्यांचा अर्थच झिजून गेला होता. ग्रेपनेट आल्यावर ते झिजलेले शब्द एकदम खणखणीत झाले. तारीख, बागेचा क्रमांक आणि माझे नाव एकत्र नोंदले जाऊ लागले. माझ्या सहीनंतर चार महिन्यांनी समुद्रापलीकडच्या गोदामात बसलेला एखादा माणूस मला नावानिशी जाब विचारू शकेल, ही गोष्ट मनावर बसली, आणि मी बागेत उतरू लागलो. उपदेशाने जे झाले नाही ते या जाणिवेने झाले.

प्रयोगशाळांचेही तसेच. मान्यता टिकवायची तर एकच नमुना निरनिराळ्या प्रयोगशाळांकडे धाडून त्यांचे आकडे जुळतात का, हे पाहिले जाऊ लागले. ज्याचा आकडा भलताच आला त्याला जाब द्यावा लागतो. अशी परीक्षा आपल्याकडच्या किती कचेऱ्यांची होते, ते तुम्हीच मोजा.

२०१० चे साल

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, करार झाला नि सगळे सुरळीत झाले. तसे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

२०१० च्या हंगामात आपली द्राक्षे युरोपात पोचली आणि तिथे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. तुम्ही त्याला ‘सीसीसी’ म्हणून ओळखता. खरड छाटणीनंतर काडीची शेंडावाढ आवरावी आणि घडाची निर्मिती नीट व्हावी, म्हणून बागाईतदार ते वर्षानुवर्षे वापरत आले होते. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हा आकडा किती बारीक आहे, ते पाहा. एका मोठ्या शीतकंटेनरमध्ये साधारण तेरा-चौदा टन द्राक्षे बसतात. त्या सगळ्या मालात मिळून एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नव्हे, इतके औषध असले तरी मर्यादा ओलांडली जाते.

कंटेनर बंदरात अडकले. काही परत, काही कवडीमोल. पैसे थांबले. आणि मुख्य गोष्ट ही की, या मालाला आपल्या प्रयोगशाळांनी रीतसर ‘पास’ केले होते. पास कसे केले? तर ज्या औषधांची तपासणी करायची त्या यादीत सीसीसीचे नावच नव्हते. जे शोधायला सांगितले नाही ते प्रयोगशाळेने शोधले नाही.

त्या वर्षी एक बागाईतदार माझ्या घरी आले. भले गृहस्थ. त्यांनी वही काढून टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारले, “साहेब, औषध दुकानात मिळत होते म्हणून मी आणले. मारले ते वहीत लिहिले. वही पाहून तुम्ही सही केली. लॅबने पास केले. मग चूक कोणाची?” मी वही उघडली. मे महिन्याच्या पानावर सीसीसी स्पष्ट लिहिलेले होते, आणि शेजारी माझीच सही होती.

मला उत्तर देता आले नाही. उत्तर मला नंतर सुचले, ते असे. युरोपाने २००८ च्या सप्टेंबरपासून सर्व सभासद देशांसाठी औषध-अंशांच्या मर्यादा एकच केल्या होत्या. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा होती. हे गुपित नव्हते, छापील होते. करारातील ‘आगाऊ कळवण्याच्या’ कलमाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा कळवलेले वाचणारा आपल्याकडे कोणी असेल, वाचून ‘आपला शेतकरी कोणते औषध मारतो’ याच्याशी ताडून पाहील, आणि खरड छाटणीच्या आधी ते तुमच्या बांधापर्यंत पोचवील. आपल्याकडे नोंदवही होती, संगणक होता, प्रयोगशाळा होती. हे तिघांना जोडणारे डोके कमी पडले.

दुसऱ्या हंगामापासून यादीत सीसीसी आले. तपासायच्या औषधांची यादी आणि शिफारशीच्या औषधांची यादी दरवर्षी नव्याने पाहिली जाऊ लागली. तोडणीपूर्वी किती दिवस कोणते औषध बंद ठेवायचे, ते द्राक्ष संशोधन केंद्र यादीतच छापते. आज द्राक्ष निर्यातीची आपली व्यवस्था देशातल्या इतर पिकांसाठी नमुना मानली जाते, आणि त्या धर्तीवर आंबा, डाळिंब, भाजीपाला यांच्या नोंदणीच्या व्यवस्था झाल्या. त्या धड्याचे शुल्क मात्र बागाईतदाराने भरले. ज्यांनी यादी केली त्यांच्या पगारातून काही कापले गेले असे माझ्या ऐकिवात नाही. माझ्याही पगारातून नाही.

आंब्याचा प्रवास

आंब्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात एक वेगळा मुद्दा आहे.

२००६ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश भारतात आले. त्या भेटीत ठरले की, आपला आंबा अमेरिका घेईल, आणि त्यांच्या भारी मोटारसायकलींना आपण वाट देऊ. पण कोयीतला भुंगा आणि फळमाशी तिकडे जाऊ नये, म्हणून प्रत्येक आंब्यावर किरणांचा मारा झाला पाहिजे, अशी अट होती. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र मुळात कांद्यासाठी होते. ते या कामासाठी मंजूर झाले आणि २००७ च्या एप्रिलमध्ये पहिला आंबा अमेरिकेला उतरला. हापूस कोकणात पिकायचा, किरण खायला नाशिक जिल्ह्यात यायचा, आणि विमानाला मुंबईला जायचा. पुढे पणन मंडळाचे केंद्र वाशीला झाले तेव्हा हा फेरा वाचला.

यात मुद्दा असा की, सुरुवातीपासून विकिरणाच्या वेळी अमेरिकेचा स्वतःचा निरीक्षक हजर राहात असे आणि त्याचा खर्च आपल्या बाजूने होई. म्हणजे त्यांचा आपल्या सहीवर विश्वास नव्हता. २०२० साली साथीमुळे निरीक्षक येऊ शकला नाही आणि निर्यातच थांबली. २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा देखरेखीचे काम टप्प्याटप्प्याने आपल्या लोकांकडे देण्याचे ठरले. परक्याने ‘आता तुमचीच सही चालेल’ असे म्हणणे, ही मला एखाद्या पदकापेक्षा मोठी गोष्ट वाटते. पण सहीची किंमत केवढी असते, तेही २०२५ च्या मे महिन्यात दिसले. विकिरणाच्या कागदपत्रांतील त्रुटीवरून अमेरिकेच्या विमानतळांवर आंब्याच्या काही खेपा नाकारल्या गेल्या. परत आणण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून तो आंबा तिकडेच नष्ट करावा लागला. दोष फळात नव्हता.

युरोपाने तर १ मे २०१४ पासून आपला आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ व अळू या चार भाज्या बंदच केल्या होत्या. आदल्या वर्षी आपल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात बंदी आली तेव्हा आपल्याकडे आरडाओरडा झाला, आणि तो स्वाभाविक होता. पण मग ठरवून दिलेल्या पॅकहाऊसमधूनच माल जाईल, तिथे वनस्पती संरक्षणाचा अधिकारी स्वतः पाहील, आंब्याला ४८ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले जाईल, अशी घडी बसली. २०१५ च्या हंगामापूर्वी आंब्यावरची बंदी उठली. जे काम वर्षानुवर्षे ‘करू, बघू’ म्हणून रेंगाळले होते ते एका वर्षात उरकले. हे वाचून आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, हे माझे मलाच अजून ठरवता आलेले नाही.

फुकटच्या भुकटीचे काय झाले

आपल्या आईवडिलांच्या काळातला एक करार आठवावा असा आहे. युरोपच्या सामाईक बाजारात दूध भुकटी आणि लोण्याचे तेल यांचे डोंगर साचले होते. १९७० साली सुरू झालेल्या दूध महापुराच्या पहिल्या टप्प्यात जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन लोण्याचे तेल आपल्याला देणगीदाखल देण्याचे ठरले. ही भुकटी शहरांत फुकट वाटली असती, तर गावच्या दुधाचा भाव पडून आपल्या गवळणी हात चोळत बसल्या असत्या. डॉ. वर्गीज कुरियन यांनी ती फुकट वाटू दिली नाही. तिचे दूध करून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या शहरांत रीतसर विकले आणि त्या पैशातून गावोगावच्या दूध संस्था, शीतकेंद्रे, टँकर उभे केले. देणारा तोच, भुकटी तीच. घेणाऱ्याच्या हातात काय आहे, त्यावर सगळे अवलंबून.

मी ज्या शिक्षणावर पोट भरतो त्याचीही कुळी अशीच आहे. १९६० साली पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ निघाले, ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने आणि तिकडच्या नमुन्यावर. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छपराखाली, हा तो नमुना. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली विद्यापीठे त्याच वाटेने झाली. आज त्यांना कोणी परकी म्हणत नाही. विस्ताराची बाजू मात्र लंगडीच राहिली, हे मी विस्ताराचा माणूस म्हणून सांगू शकतो.

बियाण्याचा कायदा

आता जरा जपून वाचा, कारण हा तुमच्या हक्काचा विषय आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक मालमत्तेच्या करारात एक अट होती की, पिकांच्या नव्या वाणांना प्रत्येक देशाने संरक्षण दिले पाहिजे. पेटंटने द्या, नाहीतर आपल्या पद्धतीच्या परिणामकारक कायद्याने द्या. अनेक देशांनी युरोपात तयार झालेला साचा जसाच्या तसा उचलला. त्यात कंपनीचा आणि वाण काढणाऱ्याचा हक्क पक्का, पण शेतकऱ्याने घरचे बी ठेवण्यावर बंधने. आपल्या देशात यावर बरीच वर्षे रणे माजली आणि शेवटी २००१ साली ‘पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा’ झाला. नावातच ‘शेतकरी हक्क’ आहे. त्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे, संरक्षित वाणाचे बीसुद्धा तुम्ही घरी ठेवू शकता, पेरू शकता, शेजाऱ्याला देऊ शकता, त्याच्याशी बदलू शकता, विकूही शकता. फक्त त्या वाणाच्या नावाचे लेबल लावून, ब्रँड करून विकायचे नाही. हे कलम घरातल्या कर्त्या मुलाला पाठ करून ठेवायला सांगा.

त्याची परीक्षा २०१९ साली झाली. वेफर्ससाठी लागणाऱ्या बटाट्याचे संरक्षित वाण लावले म्हणून पेप्सिको कंपनीने गुजरातेतील शेतकऱ्यांवर दावे लावले, त्यांत काहींवर एक कोटीहून अधिक रकमेचे. गवगवा झाला, आणि कंपनीने त्याच वर्षी दावे मागे घेतले. पुढे २०२१ च्या डिसेंबरात वाण-संरक्षण प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०२४ च्या जानेवारीत खंडपीठाने तो रद्दचा आदेश बाजूला सारला. निकाल कुणाच्या बाजूने लागला, यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. करार करताना आपण आपल्या तऱ्हेचे कलम घालण्याची चिकाटी दाखवली, म्हणून शेतकऱ्याला बोट ठेवायला जागा तरी राहिली. साचा जसाच्या तसा उचलला असता तर ती जागा नसती.

नवे करार होतच आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन या चार देशांबरोबरचा करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. इंग्लंडबरोबर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. बातम्यांत मोटारी, दारू आणि कापड यांवरचे जकातीचे आकडे मोठ्या अक्षरांत येतात. तुम्ही मात्र, किंवा तुमच्या घरात शिकलेली मुलगी असेल तिने, आरोग्यरक्षणाचे आणि बियाण्याचे प्रकरण शोधून वाचावे. तपासणी कोण करणार, तिचा खर्च कुणावर, दाखला कुणाचा चालणार आणि घरच्या बियाण्याला हात लागतो का, एवढे पाहावे. निर्यातीच्या एका बागेमागे नोंदणी, नमुना, तपासणी, पॅकहाऊस असा खर्च येतो. तो दहा एकरवाल्याला पेलतो, दीड एकरवाल्याला जड जातो. म्हणून गट करून, संस्था करून जे पुढे गेले ते टिकले. एकटे-दुकटे बरेच जण या साखळीतून गळाले, आणि त्यांची मोजदाद कोणत्याही संगणकावर नाही.

घरच्या ताटाचे काय

एक गोष्ट मात्र मला कित्येक वर्षे टोचते आहे, आणि ती सांगितल्यावाचून लेख संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ही जी काटेकोर व्यवस्था मी वर्णन केली ती निर्यातीच्या मालापुरती आहे. हॉलंडच्या मुलाच्या तोंडात जाणारा मणी शेकडो औषधांसाठी तपासला जातो. नाशिकच्या किंवा नागपूरच्या मुलाच्या तोंडात जाणारा मणी बहुधा कोणीच तपासत नाही. आपल्याकडे अन्नसुरक्षेचा कायदा २००६ साली झाला, २०११ पासून त्याचा अंमल सुरू झाला, आपल्याही मर्यादा ठरलेल्या आहेत. कागद आहेत. पण बाजार समितीच्या आवारात लिलावाआधी नमुना घेतलेला मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिला. म्हणजे परक्याची नजर जिथवर पोचते तिथवर आपली संस्था सुधारली, आणि नजर संपते तिथे ‘पाहणी केली’ हे जुने झिजलेले शब्द पुन्हा सुरू होतात. ज्या अधिकाऱ्याने निर्यातीच्या बागेत ओळीओळीने फिरावे, तोच पलीकडच्या बागेच्या कागदावर ओसरीत बसून सही करतो. मी त्यांतलाच, म्हणून ठामपणे सांगतो.

गेल्या हंगामात एका घरी बाग पाहायला गेलो होतो. फवारणीची वही त्या घरात सूनबाई ठेवतात. अक्षर मोत्यासारखे, एकही तारीख गाळलेली नाही. मी सही करत असताना त्यांनी विचारले, “साहेब, आपल्या बागेतला माल लॅबमध्ये नापास झाला तर त्याचे काय करायचे?”

मी म्हणालो, “निर्यात करता येत नाही. इथल्या बाजारात पाठवतात, नाहीतर बेदाणा करतात.”

“म्हणजे तिकडच्या लोकांनी खायचा नाही, तो आपल्या लोकांनी खायचा?”

सासरे खाकरले आणि त्यांनी विषय पावसाकडे वळवला. मी पेनाचे टोपण लावत राहिलो. निघताना सूनबाईंनी विहिरीकडच्या दोन ओळी दाखवल्या. त्या ओळींना बंदीच्या काळात त्या काही मारू देत नाहीत, आणि तिथले घड घरच्या लेकरांसाठी व माहेरी पाठवायला ठेवतात. वहीत त्यांनी त्या दोन ओळींचे स्वतंत्र पान केले आहे. त्या पानावर सहीसाठी जागा आखलेली नव्हती. मी मागून घेतली आणि ओळी पाहून आल्यावर सही केली.